आपलंच घर समजा

रोज सकाळी खिडकीबाई कामावर निघायची आणि पोचायची ती आपल्याच घरी.

निघायची ती घराच्या पोटातून. घर उतारावर बांधलेलं, मागे डोंगर आणि पुढे समुद्र. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते साधं बैठं घर दिसे. समुद्राच्या अंगाने खाली उतरलं तरच कळे, की या घराच्या खाली आणखी एक खोली आहे. पूर्वी तिथे जळाऊ लाकडं, रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या राहत. आता खिडकीबाई राहत होती. सकाळी ती दार हलकेच ओढून घ्यायची, चपला हातात धरून भिंतीच्या कडेकडेने जायची, कुंपणाच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडायची आणि डोंगराच्या बाजूने भला मोठा वळसा घालून वरच्या रस्त्याला लागायची. तिथे चपला पायात घालायची, केस सारखे करायची आणि पुढच्या फाटकातून रुबाबात आत शिरून स्वतःच्या घराची बेल वाजवायची. लांबून आल्यासारखी धापही टाकायची. ती धाप मात्र खरी असे, कारण चढ काही थोडाथोडका नव्हता.

वळणावरच्या बेकरीवाल्याला हा रोजचा तमाशा फुकट बघायला मिळे.

"काय खिडकीबाई, प्रवास सुखाचा झाला ना?"

"तू तुझे पाव जाळ," ती म्हणायची.

बेकरीवाल्याला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीलाच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सुट्टीसाठी घर भाड्याने घेऊन राहणाऱ्या पाहुण्यांना. तिच्या मुलाने जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: 'समोर समुद्र, मागे डोंगर. संपूर्ण घर तुमचं. इथे कोणी राहत नाही.' लोकांना म्हणे हेच शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त आवडतं. मालक घरात आहे म्हटलं की माणसं मोकळेपणाने भांडूही शकत नाहीत, असं मुलाचं म्हणणं. त्यामुळे मालकाची आई ही मालकाची आई नव्हतीच. ती झाडलोट आणि स्वयंपाक करणारी मावशी होती.

"लांबून येता का हो, मावशी?" पाहुणे विचारायचे.

"खालून," ती सांगायची.

खोटं बोलणं तिच्या जिवावर येई. खालून म्हणजे बंदराजवळच्या वस्तीतून, असं पाहुणे आपले समजून घेत. त्यांनी काय समजावं हा त्यांचा प्रश्न. पण एक वाक्य मात्र तिला तोंडाने म्हणावंच लागे. मुलाने ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पाहुणे दारात आले, की किल्ली त्यांच्या हातात द्यायची, हसायचं आणि म्हणायचं, "या, आपलंच घर समजा." पहिल्या वेळी ती हातातली किल्ली सोडायलाच विसरली होती. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हीच तर सगळी पंचाईत आहे.

खिडकीबाई हे नाव तिला बंदरावर पडलं. पलीकडच्या काठाला जाणाऱ्या बोटीची तिकिटं विकण्यात तिची सारी नोकरी गेली. लाकडाची एक खोपटी, पुढे काच, काचेला हात जाईल एवढं भोक. तोंड रांगेकडे आणि पाठ समुद्राकडे! लोक लांबलांबून तो समुद्र बघायला यायचे, तिच्याकडून तिकीट घ्यायचे, "किती नशीबवान हो तुम्ही, रोज इथे बसता," असं म्हणून बोटीवर चढायचे. ती मान डोलवायची आणि पुढच्याचा हात बघायची. चेहरे तिला नीट दिसतच नसत, काच इतकी मिठाने धुरकटलेली. 

तिचा नवरा सुतार. बोटी दुरुस्त करायचा आणि बोलायचा कमी. पण एकदा रात्रीच्या जेवणावर तो म्हणाला, "तू नोकरीतून सुटलीस ना, की तुला समुद्राकडे तोंड करून बसवतो." बायकांना नवरे अशी पुष्कळ वचनं देतात. याने पाळलं. समुद्राकडची भिंत फोडली आणि त्या जागी एवढी रुंद खिडकी बसवली की शेजारीपाजारी म्हणाले, याचं डोकं फिरलंय, वारा आत शिरून छप्पर उडवेल. खिडकीपाशी त्याने एक खुर्ची करून ठेवली, हात टेकायला रुंद दांड्याची. पाय किंचित लांडे राहिले होते, म्हणून ती सरकवली की फरशीवर करकरायची. तो खुर्चीचे पाय नीट करणार होता. त्याआधीच गेला.

नोकरी संपल्यावर ती त्या खुर्चीत बसली. पुरता एक हिवाळासुद्धा बसली नसेल. शेजाऱ्यांचा शाप म्हणा की लाकडाचं वय म्हणा, छप्पर गळायला लागलं, आणि मुलगा शहरातून आला तो ही कल्पना घेऊनच.

"एकच हंगाम, आई. छपराचं काम निघालं की तू परत वर."

"आणि तोवर मी कुठे?"

"आमच्याकडे ये. नाहीतर खालची खोली आहेच की. रंग देऊन टाकू."

मुलाकडे ती जाऊन आली होती. सून वाईट नव्हती. उलट इतकी चांगली होती, की सासूला साधी वाटी विसळू देत नव्हती. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची आणि भिंतीवरचे पाइप. खिडकीबाईने ते पाइप पाठ केले आणि परत आली. मग राहिली खालची खोली. छप्पर झालं, त्याला बरेच दिवस लोटले, आणि हंगाम मात्र मारुतीच्या शेपटासारखा लांबतच गेला. उन्हाळ्याचे पाहुणे, मग पावसाळी डोंगर बघायला येणारे पाहुणे, मग थंडीचे. मधे दोन-चार दिवस घर रिकामं राही. तेवढ्यात ती वर जाऊन खुर्चीत बसे, पण टेकून नाही. कधीही फोन येईल म्हणून कडेवरच बसे, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसावं तशी.

खालच्या खोलीला खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका होता, आणि तो वरच्या अंगणाच्या पातळीला उघडायचा. त्यातून पाहुण्यांचे पाय दिसत. सारा जन्म लोकांचे हात बघण्यात गेला, आता पाय. नशीब हळूहळू खालीच सरकतंय, असं ती बेकरीवाल्याला म्हणाली, तेव्हा तो हसला आणि मग त्याचा चेहरा पडला.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई आले. डॉक्टर निवृत्त, गुडघे गेलेले, हातात जाड काठी. डॉक्टरीणबाई म्हणजे बोलका झरा. पाहुणे म्हणून दोघंही सोन्यासारखी. उष्टी भांडी स्वतः विसळायची, 'मावशी, दमलात का' विचारायची, चहा करताना तिच्यासाठीही कप ठेवायची. डॉक्टर सकाळी जे खुर्चीत बसत, ते जेवायलाच उठत. खुर्ची करकरली, की खाली खिडकीबाईच्या छातीत कुणीतरी नखाने ओरखडल्यासारखं होई. माणसं वाईट असती, तर तिला निदान त्यांचा राग तरी करता आला असता. आता राग करायचा कुणाचा?

"मावशी, कुणी बसवली असेल हो ही खिडकी?" डॉक्टरांनी एकदा विचारलं. "काय दृष्टी असेल त्या माणसाला!"

"सुतार होता एक," ती म्हणाली आणि कपबश्या घेऊन आत गेली. आत जाऊन नळ मोठा सोडला.

दुपारची भांडी झाली की ती फाटकातून 'घरी' जायची, म्हणजे पुन्हा तोच वळसा उलटा. खाली येऊन जरा आडवी व्हायची. दाराला आतून कडी नव्हती. कोठीच्या दाराला कडी बाहेरूनच असते, लाकडांना आतून कडी कशाला हवी? ती दार ओढून घेई आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला दोरीने एक वीट बांधून ठेवी. त्या दुपारी दोरी सुटली. वारा समुद्रावरून सरळ येत होता. दार धाडधाड आपटायला लागलं. ती उठणार, तेवढ्यात झरोक्यात डॉक्टरीणबाईंचे पाय दिसले. ते पाय पायऱ्या उतरून खाली येत होते.

"अहो, हे कोठीचं दार आहे," बाई वर पाहत ओरडल्या. "उघडंच राहिलंय. कुत्रंबित्रं शिरायचं आत."

आणि आत न बघताच त्यांनी दार लोटलं. कडी सरकली. ती गंजलेली होती, तरी बाईंनी नेटाने जोर लावून ती शेवटपर्यंत बसवली. काम कसं, चोख.

खिडकीबाई खाटेवर उठून बसली होती. दार आणि ती यांच्यात हाताचं अंतर. 'अहो बाई, मी आहे आत,' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. आवाज निघाला नाही. इथे कोणी राहत नाही, हे तिला इतकं पाठ झालं होतं की तिच्या गळ्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. वर गाडीची दारं लागली. दोघं डोंगरावरून सूर्यास्त बघायला निघाली होती, सकाळीच म्हणाली होती. गाडीचा आवाज वळणावळणाने वर गेला आणि विरला.

मग तिला भीती वाटली. कोंडलं गेल्याची नव्हे, दार काही किल्ल्याचं नव्हतं. भीती वाटली ती स्वतःच्या गप्प बसण्याची. आपण ओरडलो का नाही? कुणी सांगितलं होतं ओरडू नको म्हणून? मुलाने तर असं काही म्हटलंही नव्हतं. 

तिने आधी बेकरीवाल्याला फोन केला. तो मैदा आणायला डोंगरापलीकडे गेला होता. "येतो, पण उशीर होईल," म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने विनोद केला नाही. मग तिने मुलाला लावला.

"आई! मीच करणार होतो फोन. अगं, खूशखबर आहे. डॉक्टरांना घर इतकं आवडलंय, की वर्षभरासाठी मागतायत. आता सारखी नवी माणसं नकोत, चादरी बदलणं नको. तुझे किती कष्ट वाचले बघ."

"मी कोंडली गेलेय."

"म्हणजे?"

"बाईंनी बाहेरून कडी घातली. मी आतच होते."

"अरे देवा. मग हाक नाही मारलीस?" त्याच्या आवाजात दुसरंच काहीतरी आलं. "नाही मारलीस तेच बरं झालं म्हणा. आत्ता, अगदी आत्ता त्यांना कळलं की घरात माणूस होतं, आणि मी इतके दिवस... आई, बेकरीकाका आहेत ना? ते काढतील. जरा धीर धर."

"वर्षभर म्हणजे मी वर कधी जायचं?"

पलीकडे कुणीतरी त्याला ऑफिसात हाक मारत होतं.

"खाली तुला काय कमी आहे, आई? ओल येते म्हणत होतीस ना, ती शोषून घेणारं यंत्र मिळतं हल्ली. या वेळी घेऊनच टाकू."

मुलगा वाईट होता असं नाही. लहानपणी आई बंदरावरून येईपर्यंत तो दारात बसून राहायचा. फक्त दार कुठल्या बाजूने लावलंय, हे त्याला आता दिसत नव्हतं. तिने फोन ठेवला आणि दारावर खांदा लावून पाहिला. नवऱ्याने केलेलं दार होतं. हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्या कामाला शिवी हासडली.

अंधारून आलं, आणि एक साधी, न सांगण्यासारखी अडचण उभी राहिली. संडास बाहेर अंगणाच्या कोपऱ्यात होता. मुलाची अब्रू, जाहिरात, वर्षाचा करार हे सगळं ती सांभाळत होती, पण पोट काही कुणाचं ऐकत नाही. गाडी परत आली. पाय दिसले, वर दिवे लागले, खुर्ची करकरली. बेकरीवाल्याचा पत्ता नव्हता. ती खाटेवर चढली, केरसुणीचा दांडा उलटा धरला आणि छताला ठोकला. टक, टक, टक.

"उंदीर," वर डॉक्टर म्हणाले.

तिने पुन्हा ठोकलं.

"घूस असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशींना सांगू उद्या, औषध टाका म्हणून."

आता मात्र तिचा तोल गेला. "घूस नाही! मी आहे!" ती इतक्या जोरात ओरडली की स्वतःच दचकली. "मी आहे खाली! कडी काढा!"

धावपळ झाली. पायऱ्यांवर टॉर्च नाचला, कडी कुरकुरली, दार उघडलं. "मावशी! तुम्ही?" बाई म्हणाल्या. पण खिडकीबाई थांबली नाही. "आले, आले," म्हणत ती त्यांच्या बगलेतून अंगणाच्या कोपऱ्याकडे पळत सुटली. इतक्या दिवसांनी सत्य सांगायची वेळ आली, आणि ती अशी.

ती परत आली तेव्हा डॉक्टरीणबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. टॉर्चच्या उजेडात त्यांनी खाट पाहिली, शेगडी पाहिली, दोरीवरचे कपडे पाहिले, भिंतीवरचा सुताराचा फोटो पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मावशी, तुम्ही इथे राहता?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," खिडकीबाई म्हणाली. आता सांगूनच टाकायचं होतं. "हे माझं घर आहे, बाई."

डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"अहो, तर काय! आपलंच घर समजून राहा. आम्ही का परके आहोत?"

"नाही, तसं नव्हे. हे घर..."

"घाबरू नका. मी कोणाला बोलणार नाही. मालकांना तर मुळीच कळू देणार नाही." बाईंनी आवाज खाली आणला. "रिकाम्या कोठीत कुणी गरजेने राहिलं तर त्यांचं काय जातं? उलट आम्हालाच सोय. यांचे गुडघे असे, वर्षभर राहायचं म्हणजे हाकेला माणूस हवंच होतं."

मालक माझा मुलगा आहे, हे वाक्य खिडकीबाईच्या जिभेच्या टोकाशी होतं. ते सांगितलं असतं, तर ती मालकीण ठरली असती आणि मुलगा त्याच दमात लबाड ठरला असता. समोरची बाई तिचे हात चोळत होती, इतक्या मायेने की तिला सोडवूनही घेता येईनात. गप्प बसायची सवय तिला चांगलीच झाली होती.

बेकरीवाला रात्री उशिरा आला आणि कडी काढलेली पाहून परत गेला. करार झाला. मुलगा फोनवर खूश. "त्यांना कळलं आणि त्यांनी चालवून घेतलं? मग तर बरंच झालं, आई! आता तो वळसाही नको." बेकरीवाल्याने मात्र तिला सकाळी वळणावर पाहिलं नाही म्हणून दोन दिवस वाट पाहिली, आणि मग स्वतःच पाव घेऊन खाली आला. खोलीत उभा राहून इकडेतिकडे बघत राहिला. "सांगून टाक की," म्हणाला. "कुणाला?" तिने विचारलं. त्याने पाव खाटेवर ठेवले आणि तो पायऱ्या चढायला लागला.

वळसा गेला, बेल गेली, आणि त्यांच्या जागी काठी आली. डॉक्टरांना चहा हवा असला, चष्मा पडला, शाल हवी असली, की ते खुर्चीतून न उठता काठी फरशीवर आपटत. टक, टक, टक. खूणही तिनेच शिकवलेली. "तुमची युक्ती फारच छान हो, मावशी," बाई कौतुकाने म्हणाल्या. पूर्वी दुपारी निदान ती 'घरी' जायची. वळसा घालायला लागला तरी त्या वळशात तिच्या मनात एक घर असायचं, जिथून ती आली आणि जिथे ती परत जाणार. आता ती कुठूनच येत नव्हती. नुसती होती, हाकेच्या अंतरावर, फरशीच्या खाली.

एका दुपारी ती रंगाच्या डब्यांमागे काहीतरी शोधत होती, आणि नवऱ्याची हत्याराची पेटी हाती लागली. पेचकस वर होता. तिने तो काही वेळ हातात धरला. मग बाहेर गेली, दारापुढे बसली आणि कडीचे स्क्रू काढायला लागली. गंजले होते. तळहाताला फोड आला, एका स्क्रूचं डोकं झिजलं, तरी तिने ते काढले. कडी घेऊन आत आली आणि दाराच्या आतल्या बाजूला धरून पाहिली. तिरकी बसत होती. नवरा असता तर हसला असता. तिने तिरकीच बसवायला घेतली.

टक, टक, टक.

तिने स्क्रू पिळला.

टक, टक, टक. या वेळी जरा जोरात. मग झरोक्यात डॉक्टरीणबाईंचे पाय आले. त्या खाली वाकल्या असाव्यात, कारण आवाज अगदी जवळून आला.

"मावशी? चहा मागतायत हे. आहात ना आत?"

शेवटचा स्क्रू बसला होता. खिडकीबाईने दार ओढून घेतलं, कडी आतून सरकवली आणि ती शेवटपर्यंत बसली याची खात्री केली. मग झरोक्याकडे तोंड वर करून, बंदरावर रांगेच्या टोकाला ऐकू जावं म्हणून ओरडायची त्या आवाजात ती ओरडली,

"इथे कोणी राहत नाही!"

पाय जागच्या जागी थांबले. वरची काठीही थांबली. थोड्या वेळाने खिडकीपाशी खुर्ची करकरली आणि डॉक्टरांचं जड पाऊल कधी नव्हे ते स्वतःहून उठलं. ती खाटेवर बसून ऐकत राहिली. खुर्ची रिकामी झाली होती, आणि तिच्या दाराला आतून कडी होती.